डाकारची कनकी, भंडाऱ्याची बरबटी

फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या ‘अकोको’ आणि ‘चिशुरू’ या दोन पश्चिम आफ्रिकी रेस्टॉरंटांना मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला. ‘चिशुरू’ चालवणाऱ्या अडेजोके बाकरे मूळच्या नायजेरियाच्या. हा तारा मिळवणाऱ्या त्या ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला शेफ. वॉशिंग्टनमध्ये इथिओपियन खानावळी गल्लोगल्ली आहेत, पॅरिसच्या शातो रूज भागात सेनेगल आणि माली दरवळतं, दिल्लीच्या खिडकी एक्सटेन्शनमध्येही आफ्रिकी चुली पेटल्या. मोठ्या शहरात राहणाऱ्याला आता आफ्रिकी जेवण ही शनिवार-रविवारी चाखून बघायची चीज झाली आहे.

भंडारा जिल्ह्यात असं रेस्टॉरंट निघेल अशी काही चिन्हं नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्याची निकड कमीच आहे. कारण त्या रेस्टॉरंटांतल्या पदार्थांची यादी घेऊन तुमसर, साकोली किंवा पवनीच्या एखाद्या स्वयंपाकघरात उभं राहिलं, तर निम्मं सामान तिथल्या डब्यांतच सापडतं. काही पदार्थ तर शिजवलेलेच सापडतात.

सुरुवात बरबटीपासून करू. पुण्या-मुंबईकडची चवळी ती आपल्याकडची बरबटी. पाहुणे आले, सणवार आला, की पूर्व विदर्भात बरबटीचे वडे होतात. बरबटी रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी निथळून लसूण, हिरवी मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून जाडसर वाटायची, हातावर थापायची आणि कढईत सोडायची. आता नायजेरियाचा आकारा बघा. चवळी भिजवायची, वाटायची, कांदा-मिरची घालायची आणि तळायची. शनिवारी सकाळी लागोस शहरात रस्त्याकडेला बायका मोठ्या कढईत हेच तळत असतात आणि माणसं कागदात बांधून घरी नेतात.

फरक आहे, पण तो बारीक आहे आणि मोठा मजेदार आहे. आकारा करणारी बाई भिजलेली चवळी तळहातांत चोळून तिचं प्रत्येक साल काढते. पाण्यात सालं वर तरंगतात, ती ओतून द्यायची. मग कमीत कमी पाण्यात ती अगदी गंधासारखी वाटायची आणि लाकडी चमच्याने फेटत राहायची. चवळीच्या प्रथिनांचा एक गुण इथे कामाला येतो. फेटताना ती हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि हवा आत कोंडून ठेवतात. हे पीठ गरम तेलात पडलं की कोंडलेली हवा आणि आतल्या पाण्याची वाफ एकदम फुगते. सोडा नाही, ईनो नाही, तरी आकारा आतून स्पंजासारखा हलका होतो. आपण सालासकट जाडसर वाटतो, फेटत बसत नाही. म्हणून आपला वडा कुरकुरीत आणि दाणेदार. आमच्या तोंडाला तोच बरा लागतो, हे सांगायला नको.

आकारासोबत तिकडे काय घेतात? ओगी. मका, ज्वारी किंवा बाजरी दोन-तीन दिवस भिजवून आंबवायची, वाटून गाळायची आणि त्या आंबट पिठाची पातळ लापशी शिजवायची. आपली आंबील डोळ्यांसमोर आली नसेल तर नवलच.

चवळी मुळात पश्चिम आफ्रिकेची. आजच्या घाना देशात किंटाम्पो संस्कृतीच्या लोकांनी राहण्यासाठी वापरलेल्या कपारींमध्ये चवळीचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले. ते साडेतीन हजार वर्षांहून जुने आहेत. त्यानंतर फार काळ जायच्या आत चवळी भारतात पोहोचली होती. आणि पश्चिमेला गेली ती वेगळ्याच, दुःखाच्या वाटेने. गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या माणसांसोबत ती ब्राझीलला उतरली. तिथल्या बाहिया प्रांतात आज पांढऱ्याशुभ्र घोळदार पोशाखातल्या बायका लाल पाम तेलात ‘आकाराजे’ तळतात, पोटात वाळलेली कोळंबी भरतात, आणि इयान्सां या वाऱ्या-वादळाच्या देवीला त्याचा नैवेद्य दाखवतात. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आणि वैनगंगेच्या काठावर एकाच दाण्याचे वडे तळले जात आहेत.

मग वड्याची कृतीही दाण्यासोबत आफ्रिकेतून आली का? मला तसं वाटत नाही. डाळ भिजवून, वाटून तळणं हे आपल्याकडे उडदाचंही होतं, मुगाचंही होतं. बी प्रवासाला निघालं, कृती बहुधा दोन्हीकडे आपापली सुचली. कोरडवाहू जमीन, चार महिन्यांचा पाऊस, टणक दाणा आणि चुलीला मोजकं सरपण अशी अडचण सारखी असेल तर बायकांनी काढलेली वाटही सारखी निघते. दाणा भिजवला की लवकर शिजतो, वाटला की त्याहून लवकर.

बियांचा हा प्रवास केवढा जुना आहे, ते बघू. पूर्व सुदानमध्ये, कसालाजवळच्या एका जुन्या वस्तीत, मातीच्या खापरांत ज्वारीच्या कोंड्याचे ठसे मिळाले. कुंभाराने चिखल तडकू नये म्हणून त्यात भुसा मळला होता. भुसा कधीच जळून गेला, ठसा राहिला. हे ठसे पाच हजार वर्षांहून जुने आहेत आणि त्यांत रानटी ज्वारीतून शेतातली ज्वारी होत असतानाची खूण दिसते. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, तर शेतातल्या ज्वारीचा कणसाला धरून राहतो आणि तो झोडपूनच काढावा लागतो. हा शोध २०१७ साली प्रसिद्ध झाला. बाजरीची अशीच खापरं माली देशाच्या ईशान्य भागात मिळाली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ पट्ट्यातली. ही धान्यं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून अरबस्तानच्या किनाऱ्याने, होड्यांतून, टप्प्याटप्प्याने गुजरातकडे आली आणि तिथून दख्खनभर पसरली. ज्या पिठलं-भाकरीला आपण अस्सल मराठमोळं जेवण म्हणतो, तिच्यातली भाकरी आफ्रिकेची आहे! चिंचही मूळची आफ्रिकेतली. एरंडीसुद्धा.

आफ्रिकेतून माणसंही आली. औरंगाबादचं मूळ शहर खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियाचा, जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी वंशाचे, हे शाळेतल्या इतिहासात येतं. पण ज्वारी मलिक अंबरच्या आधी तीन हजारांहून जास्त वर्षं इथे रुजली होती, हे कोणी सांगत नाही.

सुदानी माणूस ज्वारीचं काय करतो? तो तिचं पातळ पीठ आंबवतो आणि तापलेल्या तव्यावर ताडाच्या पानाच्या पट्टीने कागदासारखं पसरवतो. ही किस्रा. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे तिची पोळी लाटता येत नाही. पीठ बांधायचं कसं, हा प्रश्न दोन्हीकडे होता. आपण कढत पाण्याने उकड काढून, तिंबून, थापून तो सोडवला. सुदानने आंबवून सोडवला. आंबवण्याचा आणखी एक फायदा असा की ज्वारी शिजली की तिची प्रथिनं पचायला जड होतात, आंबवल्याने ती पुन्हा थोडी सुटी होतात. आणि आंबवणं आपणही सोडलेलं नाही. उन्हाळ्यात विदर्भातल्या गच्च्यांवर धापोडे वाळतात ना, ती ज्वारी भिजवून आंबवलेलीच असते.

पण भंडारा हा काही ज्वारीचा जिल्हा नव्हे. हा धानाचा जिल्हा. मामा तलाव, बोड्या, बांध्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात चाललेली रोवणी. म्हणून भंडाऱ्याचा खरा जोडीदार शोधायचा तर सुदानमध्ये नाही, सेनेगलमध्ये शोधावा लागतो.

सेनेगलचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे चेबुजेन, म्हणजे मासे-भात. २०२१ साली युनेस्कोने तो मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. कृती अशी: माशाच्या तुकड्यांना चिरा पाडून त्यांत लसूण-मिरची-कोथिंबिरीसारख्या पाल्याचं वाटण भरायचं, मासे तळून घ्यायचे, टोमॅटोच्या रश्शात ते आणि भाज्या शिजवायच्या, मग सगळं बाहेर काढून त्याच रश्शात तांदूळ शिजवायचा. स्वादासाठी खारवून आंबवलेली सुकी मासळी टाकायची, जसे आपल्याकडे भाजीत वाळवलेले झिंगे पडतात. शेवटी एकाच मोठ्या परातीत भात, त्यावर मासे, आणि भोवती सगळं घर. बुडाला लागलेली खरवड खरवडून वेगळी वाढतात आणि तिच्यासाठी पोरांची भांडणं लागतात.

आता यातली खरी गंमत. हा तांदूळ अख्खा नसतो. तो कनकीच लागतो. चांगल्या मासेभातासाठी डाकारची गृहिणी मुद्दाम तुकडा तांदूळ निवडून घेते. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमध्ये धान भरडताना जो तुकडा पडतो, जो गरिबाघरी शिजतो नाहीतर कोंबड्यांच्या खाद्यात आणि इथेनॉलच्या कारखान्यात जातो, तो तिकडे पाहुण्यांच्या पंगतीचा माल आहे. कारणही पटण्यासारखं आहे. तुटलेल्या दाण्याची कापलेली बाजू उघडी असते, ती रस्सा भराभर पिते, आणि प्रत्येक कणाला मासळीची चव लागते.

सेनेगलला ही आवड लागली कशी, याची गोष्ट मात्र व्यापाराची आहे. फ्रेंच सत्तेला तेलासाठी शेंगदाणा हवा होता. सेनेगलच्या शेतकऱ्याने भुईमूग लावावा, खायला तांदूळ आम्ही आणतो, असा तो हिशेब. तांदूळ यायचा फ्रान्सच्याच ताब्यातल्या इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूने. युरोपला अख्खा दाणा गेला की मागे राहणारी स्वस्त कनकी जहाजात भरून डाकारला. उष्टं-उरलेलं म्हणून पाठवलेल्या मालातून तिथल्या बायकांनी राष्ट्राचा पदार्थ उभा केला. विशेष म्हणजे पश्चिम आफ्रिकेकडे स्वतःचा वेगळा तांदूळही होता आणि थोडा अजून आहे. नायजर नदीच्या खोऱ्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी तो रानटी गवतातून स्वतंत्रपणे घडवला. म्हणजे धान माणसाने एकदाच नाही, निदान दोनदा शोधला.

फ्रेंच गेले, कनकीची चव राहिली, आणि पुरवठादार बदलत गेले. भारत हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आणि सेनेगल आपल्या कनकीचा जुना गिऱ्हाईक. सप्टेंबर २०२२ मध्ये पावसाने ओढ दिली, धानाचा पेरा घटला, देशात कोंबडीखाद्याला आणि इथेनॉलला कनकी कमी पडू लागली, तेव्हा केंद्र सरकारने तुकडा तांदळाची निर्यात बंद केली. ती बंदी पुरती उठायला मार्च २०२५ उजाडला. इकडच्या पावसाचा हिशेब तिकडच्या परातीत लागतो तो असा.

परातीच्या कडेला आणखी एक गोष्ट असते. बिसापच्या आंबट पानांची, भेंडी घालून घोटलेली हिरवी चटणीवजा भाजी. बिसाप म्हणजे आपली लाल अंबाडी! सेनेगलमध्ये भातासोबत अंबाडीचा पाला, आणि भंडाऱ्यात अंबाडीच्या भाजीत शिजताना घातलेल्या तांदळाच्या कण्या. आंबट पाला आणि तुटका तांदूळ ही जोडी दोन ठिकाणी जुळली आणि दोन्ही ठिकाणी टिकली, याचं मला राहून राहून नवल वाटतं. अंबाडीच्या फुलामागच्या लाल, मांसल पाकळ्या उकळून, साखर-पुदिना घालून, थंड करून जे सरबत होतं, त्याच्या बाटल्या लंडन-पॅरिसच्या आफ्रिकी रेस्टॉरंटांत चढ्या भावाने विकल्या जातात. सुदान आणि इजिप्तमध्ये तेच ‘करकदे’. विदर्भात अंबाडीचं सरबत कुठे कुठे होतं, पण बोंडांचा मोठा भाग चटणीला जातो नाहीतर झाडावरच वाळतो. दोराला वापरतात ती अंबाडी तिची सख्खी बहीण, तीही आफ्रिकेचीच.

आता लाखोरीकडे येऊ. कारण भंडाऱ्याचं आफ्रिकेशी सर्वांत खोल नातं या डाळीत आहे, आणि ते नुसतं चवीचं नाही.

आधी एक खुलासा. लाखोरी मूळची आफ्रिकेची नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या टापूतून ती दोन्हीकडे गेली. इथिओपियात ती पोचली, तिथे तिला ग्वाया म्हणतात. इथिओपियाचा रोजचा पदार्थ शिरो. कडधान्य भाजून, मसाल्यासोबत दळून, कांदा-लसणाच्या फोडणीत त्या पिठाचा रटरटता घट्टसर रस्सा करायचा आणि तेफ या तिकडच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ, जाळीदार इंजेरावर वाढायचा. शिरो म्हणजे पातळ पिठलं, याहून वेगळी ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. पीठ हरभऱ्याचं असतं, वाटाण्याचं असतं, आणि गरिबाघरी ग्वायाचं. इकडे लाखोरीच्या डाळीचं वरण होतं, वडे होतात, कोवळे शेंडे खुडून भाजी होते, आणि तोच पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात.

पिकवायची रीतही दोन्हीकडे जवळपास सारखी. भंडाऱ्यात ती उतेरा. धान अजून उभा आहे, कापणीला दहा-पंधरा दिवस आहेत, बांधीत ओल आहे. अशा वेळी लाखोरीचं बी धानातच फेकायचं. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापेपर्यंत रोप उगवलेलं असतं आणि उरलेल्या ओलीवर ते फुलावर येतं. चौरास भागातल्या काळ्या जमिनीत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या निघत आलं आहे. इथिओपियातही पाऊस संपताना, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या चिकट जमिनीत शेतकरी ग्वाया पेरतो. पाणी साचलं तरी तग धरते आणि पुढे भेगा पडल्या तरी मरत नाही, अशी ही चिवट डाळ. शिवाय मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देऊन जाते ते वेगळंच.

आणि याच चिवटपणात तिचा डंख आहे. लाखोरीत ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं. इतर धान्यासोबत, अधूनमधून, बेताने खाल्लं तर माणसाला काही होत नाही. पण दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून तीच पोटात गेली, तर पायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदू-मज्जारज्जूतल्या पेशी बिघडतात. पाय ताठतात, माणूस काठीवर येतो, आणि ते पुन्हा बरं होत नाही. एवढी डाळ एकट्याने कोण खाईल? ज्याच्याकडे दुसरं काही उरलं नाही तो. दुष्काळात सगळं वाळतं, लाखोरी वाचते. १८३० च्या दशकात सागरच्या बाजूला असं घडल्याचं कर्नल स्लीमनने लिहून ठेवलं. रीवा भागात मजुरांना मजुरीच लाखोरीत दिली जायची. इथिओपियात १९७६-७७ मध्ये आणि पुन्हा १९९५ ते ९७ मध्ये अशी साथ आली. दोष डाळीचा जेवढा, त्याहून जास्त उपाशीपणाचा.

आपल्याकडे सरकारने १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. शेतात पीक उभं, घरात वरण शिजतंय आणि बाजारात विकायला मनाई, अशी चमत्कारिक अवस्था. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठवावी म्हणून अनेक वर्षं आंदोलनं केली, उपोषणं केली. महाराष्ट्रात पुढे बंदी उठली. दरम्यान शास्त्रज्ञांनी ओडॅप कमी असलेले वाण काढले. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘रतन’, रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ हे त्यांतले. पण त्याआधीच दोन्ही देशांतल्या घरांत शहाणपण मुरलेलं होतं. डाळ गरम पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण ओडॅप पाण्यात उतरतं.

टरबुजाचं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत ढिवर समाज ज्या वाड्या लावत आला, त्यांतल्या टरबुजाचं मूळ ईशान्य आफ्रिकेत आहे. सुदानच्या कोर्दोफान भागातलं पांढऱ्या गराचं टरबूज त्याचं सर्वांत जवळचं नातलग, असं २०२१ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. तुतनखामेनच्या थडग्यातही टरबुजाच्या बिया ठेवलेल्या होत्या. नायजेरियात त्याच कुळातल्या एका फळाचा गर टाकून देतात आणि बियांचं कूट करून ‘एगुसी’ नावाचा दाट रस्सा करतात. आपण नेमकं उलट करतो.

तेव्हा नागपूरहून मुंबई-दिल्लीला जाणं झालं, पोरगा-पोरगी परदेशात असली आणि तिकडे आफ्रिकी पाटी दिसली, तर बिचकू नका. नायजेरियन ठिकाणी आकारा मागा, सेनेगलच्या ठिकाणी चेबुजेन आणि बिसाप. शाकाहारी असाल तर इथिओपियन खानावळ गाठा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपास पाळतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही, म्हणून डाळी-भाज्यांचं अख्खं ताट त्यांच्याकडे तयार असतं. ‘येत्सोम बेयायनेतू’ म्हणा, एवढं पुरे. चमचा मागायचा नाही, उजव्या हाताने खायचं. आणि शेजारच्याने आपल्या हाताने घास पुढे केला तर तो नाकारू नका, तिकडे तो मानाचा असतो.